ऊस, बटाटा, रताळं आणि आपण: ऊर्जेच्या साठ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि घरी दोन एकर ऊस आहे. त्यामुळे प्रश्न दोन्हीकडून येतात. वर्गात पोरं विचारतात, बांधावर त्यांचे वडील. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठीतून शिकलेली मुलं पुढे पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतात, तिथे एकदम सगळं इंग्रजीत येतं आणि एटीपी, रुबिस्को असले शब्द डोक्यावरून जातात. मग दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन घरी येतात. तीच उत्तरं दर वर्षी नव्याने देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवली. क्रम पुस्तकाचा नाही, जसे प्रश्न आले तसा आहे.

झाड ऊर्जा साठवतं म्हणजे नेमकं काय साठवतं? ऊन?

ऊन कुणालाच साठवता येत नाही. झाड उन्हाच्या जोरावर एक काम करून ठेवतं आणि ते काम नंतर उलटं करता येतं.

काम असं: पानातल्या हरितलवकात हरितद्रव्य प्रकाश शोषतं आणि त्या जोरावर पाण्याचा रेणू फोडला जातो. ऑक्सिजन हवेत सोडून दिला जातो. उरलेला हायड्रोजन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला जोडत जोडत साखर तयार होते. कार्बन डायऑक्साइडचे 6 रेणू आणि पाण्याचे 6 रेणू यांतून ग्लुकोजचा 1 रेणू आणि ऑक्सिजनचे 6 रेणू, हा हिशेब पोरांना पाठ असतो. पण बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातला की कार्बन डायऑक्साइडमधला, असं विचारलं की निम्मा वर्ग चुकतो. तो पाण्यातला. 1941 साली रुबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजनच्या अणूंचा माग काढून हे दाखवलं.

आता ऊर्जा कुठे आहे? ‘साखरेच्या बंधांत’ असं आम्हीच शिकवतो आणि ते अर्धवट आहे. ऊर्जा एकट्या साखरेत नसते. साखर एका बाजूला आणि हवेतला ऑक्सिजन दुसऱ्या बाजूला, अशी जी फारकत उन्हानं करून ठेवली, तिच्यात ती असते. दोघं पुन्हा एकत्र आले की ती मोकळी होते, मग ते चुलीत होवो की पेशीत.

मग झाड साखर साखर म्हणूनच का ठेवत नाही? स्टार्च कशाला बनवतं?

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं. विरघळलेला पदार्थ जिकडे जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. पेशीत सुटी साखर साठत गेली तर बाहेरचं पाणी आत शिरत राहील आणि पेशीला तो ताण सोसावा लागेल. हजारो ग्लुकोज एकमेकांना जोडून एक स्टार्चचा रेणू केला की पाण्याच्या लेखी तो जवळजवळ नसल्यासारखा. विरघळत नाही, ओढाताण नाही, जागाही कमी लागते.

पानात रोज हा उद्योग चालतो. दिवसभर स्टार्च जमतो आणि रात्री मोडून त्याची साखर होऊन रसवाहिन्यांतून झाडभर जाते. एकाच झाडाचं एक पान संध्याकाळी आणि एक पहाटे तोडा, स्पिरिटमध्ये उकळून हिरवा रंग काढा आणि आयोडीन टाका. स्पिरिटचं भांडं थेट शेगडीवर ठेवू नका, गरम पाण्यात ठेवा. संध्याकाळचं पान निळं-काळं होतं, पहाटेचं फिकट राहतं. काही वनस्पतींत तर रात्र किती मोठी आहे याचा अंदाज घेऊन स्टार्च खर्च होतो, उजाडेपर्यंत जेमतेम पुरेल असा. पोरं म्हणतात, ‘सर, आमच्या आईचा किराणा असाच महिनाअखेरपर्यंत पुरतोय की.’

ऊस मात्र साखरच साठवतो. त्याला ही अडचण येत नाही?

येते, आणि ऊस ती वेगळ्या तऱ्हेनं सोडवतो. म्हणून तर तो नवलाचा आहे.

पानात तयार झालेली साखर, म्हणजे सुक्रोज, रसवाहिन्यांतून खाली कांड्यात उतरते. तिथल्या मऊ गरातल्या पेशींना मोठ्या रिक्तिका असतात, पाण्यानं भरलेल्या पिशव्याच म्हणा. सुक्रोज त्यांत भरला जातो. त्याच वेळी पेशींच्या बाहेरच्या जागेतही साखर राहते. आत गोड, बाहेरही गोड, त्यामुळे पाण्याची एकतर्फी ओढ लागत नाही आणि पेशी तग धरते. पिकलेल्या 100 किलो उसातून कारखाना साधारण 10-11 किलो साखर काढतो. गवताच्या जातीच्या झाडानं खोडात एवढी साखर धरून ठेवावी ही गोष्ट साधी नाही.

साखर भरते ती खालून वर. बुडातली पेरं जुनी, ती आधी भरतात. वाढ्याजवळचं, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पानांजवळचं, पेर शेवटपर्यंत अळणी राहतं. ‘ऊस गोड लागला म्हणून मुळापासून खाऊ नये’ ही म्हण ज्यानं केली, त्याला गोडी मुळाकडे वाढत जाते हे नक्की ठाऊक होतं. बुडाचं आणि शेंड्याकडचं ब्रिक्स (रसाच्या गोडीचं माप) जवळजवळ सारखं आलं की ऊस पक्व झाला, ही शेतावरची चाचणी याच गोष्टीवर उभी आहे.

शेवटी शेवटी युरियाचा एखादा हात दिला तर वजन वाढेल का?

हिरवेपणा वाढेल. साखर कमी होईल.

झाडासमोर कायम दोन वाटा असतात: आज वाढायचं किंवा उद्यासाठी ठेवायचं. नत्र आणि पाणी भरपूर मिळालं तर ते वाढतं, म्हणजे आलेली साखर नवीन पानं-पेरं करण्यात खर्च करतं. पाणी कमी झालं, थंडी पडली, की वाढ मंदावते. पानं मात्र उन्हात काम करतच असतात, मग ती साखर जाणार कुठे? कांड्यात. म्हणून चिकोडी-रायबागकडचा जाणता शेतकरी तोडणीआधी पाणी तोडतो. त्याला शास्त्र कुणी सांगितलेलं नसतं.

तुरा आला की हिशेब आणखी बदलतो. शेंडा वाढायचा थांबतो, काही दिवस गोडी टिकते, पण ऊस तसाच उभा ठेवला तर दशी पडते, गर पोकळ होतो आणि साखर उतरते. साठा आपल्यासाठी नव्हताच, हे तेव्हा कळतं. आपण फक्त योग्य वेळी मधे हात घालतो.

तोडलेला ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला तर काय बिघडतं?

हा माझा दुखरा प्रश्न आहे. एका हंगामात आमचा ऊस तोडून बांधावर तीन दिवस पडला होता. गाडी उद्या येते, उद्या येते. कुठल्या कारखान्याची ते सांगत बसत नाही, सगळीकडेच कधी ना कधी होतं.

वजन घटतं ते दिसतं, पाणी उडून जातं. न दिसणारं नुकसान आत होतं. तोडलेला ऊस मेलेला नसतो, पेशी श्वसन करत असतात आणि त्यासाठी साखर मोडत असतात. इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) सुक्रोजचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. शिवाय कापलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू शिरतात आणि साखरेपासून चिकट डेक्स्ट्रान बनवतात. ऊन जितकं कडक तितकं हे सगळं लवकर.

ज्यानं गुऱ्हाळ चालवलंय त्याला हे तोंडी सांगावं लागत नाही. शिळ्या उसाचा रस काहिलीत कितीही आटवा, गूळ घट्ट बसत नाही. ग्लुकोज-फ्रुक्टोजचं प्रमाण वाढलं की सुक्रोजचे कण नीट जमत नाहीत आणि ढेप पाझरते. तेच प्रमाण काकवी करणाऱ्याला मात्र हवं असतं.

ऊस इतर पिकांपेक्षा इतका जोमानं का वाढतो?

भात, सोयाबीन, बटाटा, तंबाखू यांच्या पानात रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइड थेट पकडतं. या विकराची एक खोड आहे, ते चुकून ऑक्सिजनलाही पकडतं, आणि मग केलेल्या कामातला काही भाग वाया जातो. उन्हाळा वाढला की ही चूकही वाढते.

ऊस, मका आणि जोंधळा यांनी यावर तोड काढली. पानाच्या बाहेरच्या पेशींत दुसरंच विकर कार्बन डायऑक्साइड धरतं आणि चार कार्बनचं आम्ल बनवतं. ते आम्ल आतल्या पेशींत नेऊन तिथे कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, त्यामुळे रुबिस्कोभोवती त्याचीच गर्दी होते आणि ऑक्सिजनला शिरकाव मिळत नाही. हवाई बेटांवर उसावर काम करणाऱ्यांना याचा पहिला सुगावा लागला आणि 1966 मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी सगळा मार्ग उलगडला. तोही उसाच्याच पानात.

घरावरच्या सोलर पॅनेलपेक्षा पान सरस आहे ना?

वीज किंवा साखर किती निघाली एवढंच मोजलं तर नाही. पॅनेल पडलेल्या उन्हातली साधारण 20 टक्के ऊर्जा पकडतं, शेतातलं पीक वर्षाकाठी 1-2 टक्क्यांच्या आसपास. पण पॅनेल साठवत नाही, त्याला बॅटरी विकत घ्यावी लागते. आणि तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा पीक येतं, तसा पॅनेलला खोडवा येत नाही.

बटाटा आणि रताळं एकच की वेगळं? रताळं भाजल्यावर इतकं गोड कसं होतं?

बटाटा हे जमिनीतलं खोड आहे, म्हणून त्याला डोळे असतात. रताळं हे मूळ. दोघांचाही साठा स्टार्चचा.

उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमानी भागातल्या तांबड्या मातीत रताळी होतात आणि उपवासांच्या दिवसांत त्यांना भाव येतो. रताळ्यात अमायलेज हे विकर तयारच बसलेलं असतं, पण कच्च्या स्टार्चच्या घट्ट कणांपुढे त्याचं फारसं चालत नाही. साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान स्टार्च फुगून सैल होतो आणि विकर अजून जिवंत असतं. त्या वेळात ते स्टार्च तोडून माल्टोज ही साखर बनवतं. त्याहून जास्त तापलं की विकरच निकामी. म्हणून चुलीच्या आरात हळूहळू भाजलेलं रताळं कुकरमध्ये दोन शिट्ट्या दिलेल्यापेक्षा गोड लागतं. कुकर त्या तापमानातून घाईनं निघून जातो. आमची आजी रताळी आरात पुरून निजायची, तिला विकराचं नाव माहीत नव्हतं.

बटाट्याची गंमत उलटी. तो फार थंडीत ठेवला की स्वतःच्या स्टार्चची साखर करू लागतो. फ्रिजमधला बटाटा तळला की काळपट होतो तो यामुळेच, जास्त झालेली साखर कढईत करपते. जवारी म्हणजे गावठी असो की इंदूरचा, बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नका. अंधाऱ्या, कोरड्या, हवेशीर कोपऱ्यात ठेवा. उजेडात तो हिरवा पडतो, हिरव्या भागात सोलानिन वाढतं आणि ते अंगाला बरं नाही.

शेंगदाण्यात तेलच का? स्टार्च का नाही?

जागा आणि वजन. एक ग्रॅम स्टार्चमधून सुमारे 4 किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून 9. बटाट्याला जागचं हलायचं नसतं, पाणी धरलेला जड साठा चालतो. बी लहान असतं, त्याला थोड्या जागेत जास्त भरायचं असतं. शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं. सोयाबीनमध्ये तेल 18-20 टक्के, तिथे भर प्रथिनांवर आहे. तेलाची दुसरी बाजू अशी की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची लवकर लागते आणि दाणे खवट होतात. शेंग टरफलासकट ठेवली तर दाणा जास्त टिकतो.

दाणा रुजताना बी आपल्या तेलाची साखर करतं. हे आपल्याला जमत नाही. आपण खाल्लेल्या जास्तीच्या साखरेची चरबी होऊ शकते, पण साठलेल्या चरबीची पुन्हा साखर करणं आपल्या पेशींना जवळपास अशक्य. ती वाट असलेली विकरं शेंगदाण्याकडे आहेत आणि आपल्याकडे नाहीत. पोट सुटलेल्या माणसानं मोड आलेल्या दाण्याचा हेवा करावा तो यासाठी.

एटीपी म्हणजे काय? ‘पेशीची बॅटरी’ म्हणतात ते बरोबर आहे का?

मला ती उपमा पटत नाही. बॅटरीत साठा असतो, एटीपीमध्ये तसा काही साठा नसतो.

पाचशेची नोट घेऊन बसमध्ये चढा आणि पंधरा रुपयांचं तिकीट मागा. कंडक्टर काय म्हणतो? सुट्टे द्या. ग्लुकोज ही पाचशेची नोट आहे. पेशीतली कामं लहान असतात: एक प्रथिनाची कडी जोडायची, एक सोडियमचा कण बाहेर ढकलायचा. त्यासाठी ग्लुकोज एकदम जाळलं तर बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन उडून जाईल. म्हणून ग्लुकोज पायरीपायरीनं मोडून तिचे एटीपी हे सुट्टे केले जातात, एका ग्लुकोजमागे साधारण 30. एटीपीच्या शेपटीला तीन फॉस्फेट असतात. शेवटचा फॉस्फेट सुटतो तेव्हा काम होतं आणि उरतो तो एडीपी. त्याला पुन्हा फॉस्फेट लावला की परत एटीपी.

शरीरात एका वेळी एटीपी मूठभरसुद्धा नसतो. पण तो इतक्या वेळा मोडतो आणि जोडला जातो की दिवसभराची बेरीज केली तर आपल्या वजनाच्या आसपास जाते.

1929 साली हा रेणू जर्मनीत लोमान यांना आणि अमेरिकेत फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना स्वतंत्रपणे सापडला. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. आपल्या पुस्तकांत त्यांचं नाव एका ओळीतही नाही, याचा मला दर वर्षी नव्याने राग येतो.

सुट्टे करण्याचं यंत्र पेशीतल्या तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) असतं. तिथे आतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन ढकलून साठवले जातात, जसं हिडकलच्या धरणात घटप्रभेचं पाणी अडवतात. धरणाच्या पायथ्याशी वीजघरात पाणी सोडलं की चक्र फिरतं. पडद्यातही खरोखरचं फिरणारं चक्र आहे, एटीपी सिंथेज नावाचं. प्रोटॉन त्यातून परत येताना ते गरगर फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यात 3 एटीपी तयार होतात. पीटर मिचेल यांनी ही कल्पना 1961 मध्ये मांडली तेव्हा बऱ्याच जणांनी हसण्यावारी नेली. 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हरितलवकातही असंच चक्र आहे, फक्त तिथे धरण भरण्याचं काम ऊन करतं.

आपल्या शरीरात स्टार्च असतो का?

असतो, पण त्याचं नाव ग्लायकोजेन. रचना स्टार्चसारखीच, फांद्या जास्त, म्हणून एकदम पुष्कळ टोकांकडून साखर सोडता येते. यकृतात साधारण 100 ग्रॅम, स्नायूंत 400 ग्रॅमच्या आसपास. एवढ्यानं सुमारे दिवसभराची गरज भागते. बाकी सगळा दूरचा साठा चरबीत.

आखाड्यात पैलवान पहिली झडप घालतो ती हाताशी असलेल्या एटीपीवर, दोन-तीन सेकंदांची. मग क्रिएटिन फॉस्फेट हा स्नायूंतला छोटा राखीव साठा आणखी काही सेकंद ओढतो. पुढे ग्लायकोजेन मोडू लागतं, आणि ऑक्सिजन पुरत नसेल तर लॅक्टेट साचतं. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते मात्र लॅक्टेटमुळे नव्हे, ते तासाभरात निघून जातं. दुखतात ते स्नायूंचे बारीक फाटलेले धागे. पंढरपूरला चालत जाणाऱ्या वारकऱ्याचा हिशेब वेगळा, तो दमानं चालतो, ऑक्सिजन पुरतो आणि चरबीही जळत राहते.

चिपाडातही ग्लुकोजच आहे म्हणता, मग ते खाता का येत नाही?

सेल्युलोज आणि स्टार्च दोन्ही ग्लुकोजचेच, पण कड्या उलटसुलट जोडलेल्या. ती जोडणी तोडणारं विकर आपल्याकडे नाही. गाईकडेही नाही, तिच्या पोटातल्या जिवाणूंकडे आहे, म्हणून वाढं खाऊन ती दूध देते. चिपाड गुऱ्हाळाच्या चुलवाणात जातं, कारखान्यात त्यावर वाफ आणि वीज होते. झाडानं ते इंधन म्हणून ठेवलंच नव्हतं, तो त्याचा सांगाडा आहे.

रात्री झाडाखाली झोपू नये, कार्बन डायऑक्साइड सोडतं म्हणतात?

सोडतं, पण शेजारी झोपलेला माणूस त्याहून कितीतरी जास्त सोडतो. साप-किरडाची भीती खरी.

खानापूरच्या जंगलात पळस शिमग्याला पानांशिवाय कसा फुलतो?

मागच्या पावसाळ्यातल्या कमाईवर. पानझडी झाडं पानं गाळण्याआधी साखर खोडात आणि मुळांत नेऊन स्टार्च म्हणून ठेवतात. लाकूड म्हणजे नुसता निर्जीव खांब नव्हे, त्यात जिवंत पेशींच्या बारीक पट्ट्या असतात आणि साठा तिथे असतो. पळस, सावर, पांगारा हे तिघंही उधारीवर नाही, शिलकीवर फुलतात.

निपाणीकडे तंबाखूचा शेंडा खुडतात त्यामागेही हाच हिशेब. फुलाकडे आणि बीकडे जाणारा माल अडवला की तो पानात राहतो आणि पान जाड होतं. मग झाड बगलेतून फुटवे काढून पुन्हा प्रयत्न करतं, आणि तेही काढत बसावे लागतात.

बेण्यासाठी सगळ्यात गोड, पक्व ऊस निवडावा ना?

नाही, आणि ही चूक बरेच नवे शेतकरी करतात. पक्व उसात सगळं सुक्रोजमध्ये कुलूपबंद झालेलं असतं. डोळ्याला फुटायला ग्लुकोजसारखी सुटी साखर, नत्र आणि ओलावा लागतो, आणि हे सगळं कोवळ्या उसात जास्त. म्हणून बेणं 9 ते 11 महिन्यांचं घ्यावं, आणि जुन्या उसातून घ्यायची वेळ आलीच तर वरच्या अर्ध्या भागातलं. कारखान्याला जो शेंडा नको असतो, तोच लावणीला चांगला. कांडी तोडली की त्याच दिवशी लावा, डोळे उन्हात सुकू देऊ नका.

लावणीनंतर पहिले काही आठवडे कोंबाला ना धड मुळं ना पानं, तो कांडीतल्या साठ्यावरच जगतो. दोन महिन्यांनी सरीतली एखादी जुनी कांडी उकरून बघा. हलकी झालेली असते, आतून पोकळ, तपकिरी, आणि आंबूस वास येतो.